खदानवेलीचा भारा

बाबा, घोडी वाचली. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच आला असता, आणि बहुतेक शेवटचाही तोच. माझे गुडघे कसे आहेत, नवरा गेल्यावर माझं कसं चाललंय, यातलं काही तुम्ही विचारलं नसतं. सरकारी दवाखान्यात तुम्ही शेवटचे पडून होता. मी पोंभुर्ण्याहून धक्के खात आले, उशाशी बसले, चमच्यानं तुमच्या ओठांना पाणी लावलं, आणि तुम्ही डोळे उघडून मला म्हणालात, "घोडीले पाणी पाजलं का?" मी म्हटलं, "पाजलं." मला काय ठाऊक! घोडी बल्लारपुरात भावाकडे होती. पण तुम्ही समाधानानं डोळे मिटले. मी तिथं वाट पाहत बसले होते, की हा माणूस आता तरी एक वाक्य बोलेल. तुम्ही नाही बोललात. मरताना माणूस खोटं सोबत नेत नाही म्हणतात. तुम्ही नेलंत की हो, मस्त गाठोडं बांधून नेलंत.

तुमच्या फोटोला हार भाऊ घालतो. माझ्या घरात तुमचा फोटोच नाही. सून एकदा म्हणाली, "आई, तुमच्या बाबाचा फोटो नाई का कुठी?" मी म्हटलं, आहे न, माझ्या कपाळावर चिकटवलेला आहे, दिसत नाही का तुला? बिचारी गोंधळून आत गेली. अंगणवाडीत आयुष्यभर लेकरांची वजनं लिहून माझा हात बसलाय, म्हणून हे लिहिणं जमतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मी काही इतक्यात येत नाही. तरी लिहिते, कारण त्या दिवशी खरं काय झालं ते दोघांनीच पाहिलं होतं, आणि त्यातले एक तुम्ही. दुसऱ्या कोणाला सांगायला गेले तर मीच खोटी पडते. या आठवड्यातच पडले.

आपली वस्ती बल्लारपूरच्या अलीकडची, एका अंगाला कागद कारखान्याचा वास आणि दुसऱ्या अंगाला खदानीतून काढलेल्या मातीचा डोंगर. पावसात ती माती खाली घसरायची, म्हणून कोणीतरी तिच्यावर वेल लावली. कुठून आणली देव जाणे. एका देठाला तीन-तीन मोठी पानं, हाताला लवदार लागणारी, आणि वाढ अशी की कापून पाठ फिरवावी तर मागून पुन्हा हजर. लोक तिला खदानवेल म्हणायला लागले. बोरीवर चढली, बाभळीवर चढली, छपराच्या कवेलूंवर चढली, आणि वस्तीतल्या बाया सकाळ-संध्याकाळ तिला शिव्या देत तोडायच्या. तुम्ही एक दिवस तिचं पान खुडलंत, चावून पाहिलंत, थुंकलात आणि दुसरं पान पांढरीच्या तोंडापुढे धरलंत. पांढरी म्हणजे तुमची वरातीची घोडी, तुमचं सर्वस्व. तिनं ते पान खाल्लं, आणि तुमच्या हातावर तोंड घासून आणखी मागितलं. "पाय वं," तुम्ही आईला म्हणालात, "फुकटचा हिरवा चारा, अन् उन्हाळ्यातही वाळत नाई." झालं. त्या दिवसापासून घोडीचा उन्हाळा सुटला आणि माझा सुरू झाला.

तेव्हा स्टेशनवर ऑटो आले होते आणि तुमचा टांगा उभ्या उभ्या सडत होता. सगळी मदार पांढरीवर. नवरदेव काळा असो, टकला असो, पांढरीवर बसला की राजा दिसतो, असं लोक म्हणायचे आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचे. मान्य करते, घोडं तुम्हाला कळायचं. तुमचे नियम मला आजही झोपेतून उठवून विचारा. वेल ओली घालायची नाही, पोट फुगते. संध्याकाळी कापायची, बाजेवर पसरून कोमेजू द्यायची, सकाळी झटकायची, मग भाताच्या तणसात मिसळून द्यायची. "घोड्याले उलटी होत नाई पोट्टे, आत गेलं ते गेलं," असं तुम्ही म्हणायचे. नियम तुमचे, पण वेल मी कापायची. माझ्या हाताला बसेल असा छोटा विळा तुम्ही लोहाराकडून करवून आणला होता, तेंदूच्या मुठीचा. अख्ख्या बालपणात तुम्ही मला दिलेली वस्तू ती एकच. केवढी फुगले होते मी! मैत्रिणींना दाखवत फिरले, की आमच्या बाबांनी माझ्या मापाचा विळा केला.

तर तो डोंगर मी पायानं ओळखत होते. कुठं माती भुसभुशीत आहे, कुठं साप निघतो, कुठली वेल कोवळी आहे, सगळं. आणि खालच्या बाजूला, पाण्याच्या पडक्या टाकीजवळ, खदानवेलीत गुंज गुंतलेली आहे हेही मलाच माहीत होतं. शेंगा वाळून उकलल्या की आतल्या लाल-काळ्या गुंजा चमकायच्या. मी त्या वेचून पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवायची, सागरगोट्यांसारख्या खेळायची. पण त्या अंगाची वेल मी कधी कापली नाही. गुंज चावली तर जनावर मरते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

माघातले दिवस, लग्नसराई ऐन भरात होती. सिंदेवाहीला मामांकडे मयत झालं म्हणून आई गेली, भाऊ तिच्यासोबत गेला आणि घरात तुम्ही, मी आणि पांढरी. तुम्ही म्हणालात, "तू भात मांड, आज वेल मी आणतो." तुम्ही कधी जात नव्हता. मी चुलीपासून उठून दारात आले आणि म्हटलं, "बाबा, टाकीच्या अंगानं नका जाऊ, तिथी मधात गुंज आहे." आठवतं? मला तुमचा चेहराही आठवतो. तुम्ही म्हणालात, "मले शिकवून राह्यली? घोडे मी बाळगले का तू?" आणि माझाच विळा घेऊन निघालात, कारण तुमचा मोठा विळा तुम्हाला सापडला नाही. परत आलात ते डोक्यावर हा एवढा भारा घेऊन. माझ्यापेक्षा दुप्पट. तो अंगणात आपटलात आणि म्हणालात, "हे पाय. याले भारा म्हणतात." मी हात पुसत तो पसरायला आले तर तुम्ही मला हाकललंत, भात करपेल म्हणालात. बाजेवर तुम्हीच पसरला. सकाळी तुम्हीच उचलून तणसात मिसळला. झटकला नाही. झटकायचं काम रोज माझं होतं न, तुम्हाला ते फक्त सांगता येत होतं.

मी पाण्याची बादली घेऊन तबेल्याशी आले तेव्हा पांढरी मान वळवून आपल्या पोटाकडे पाहून राह्यली होती. पाय आपटायची, पुन्हा पोटाकडे पाहायची. अंगावर घाम. तुम्ही तिला फिरवलंत, हिंगाचं पाणी पाजलंत, पोट चोळलंत, आणि ती बसली ती बसलीच. लीद आली ती रक्ताची. तेव्हा तुम्ही बाजेखाली वाकलात. मातीत लाल मणी पडले होते. तुम्ही ते एकेक करून वेचलेत आणि मूठ बंद केलीत. मी बादली धरून समोर उभी. तुम्ही वर पाहिलंत, आपली नजरानजर झाली. मला तेव्हा वाटलं, आता हा माणूस रडेल आणि मला म्हणेल, पोरी, तू सांगितलं होतंस. मी वेडी, तुमची कीव करत उभी होते! दुपारपर्यंत पांढरी गेली. तुम्ही तिच्या मानेला मिठी मारून रडलात. मीही रडत होते, भिंतीशी, पण माझ्याकडे पाहायला कोणाला वेळ होता?

मग माणसं जमली. दुसऱ्या दिवशी एका ठेकेदाराच्या घरची वरात होती, त्यांची माणसं आली, शेजारपाजारचे आले, नाल ठोकणारा म्हातारा आला. त्यानं पांढरीच्या तोंडाच्या फेसात लाल टरफल पाहिलं आणि विचारलं, "इच्या पोटात गुंज गेली गा. कोणं कापला हा चारा?" तुम्ही दुपट्ट्यानं तोंड पुसलंत. आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलंत. "ही पोट्टी. सांगून सांगून थकलो, टाकीच्या अंगानं जाऊ नोको, गुंज आहे म्हणून. ऐकते का?" बाबा, खोटं तर खोटं, पण त्यासाठी शब्दही तुम्ही माझेच उचललेत! स्वतःचे दोन तरी जुळवायचे. कोणीतरी माझी डबी आणली, उघडली, आत गुंजाच गुंजा. मग तर काय, पुराव्यासकट चोर सापडला. बाया तोंडाला पदर लावून "बाप्पा बाप्पा" करायला लागल्या. तुम्ही मला मारलं नाहीत, आणि लोकांनी त्याचंही कौतुक केलं. केवढ्या मनाचा माणूस, घोडी गेली तरी पोरीवर हात नाही उचलला. मला वाटतं, तुम्ही मारलं असतं तर मी ओरडून खरं सांगितलं असतं. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत.

आई सिंदेवाहीहून आली तेव्हा मी तिला न्हाणीत नेऊन सगळं सांगितलं. ती दगडावर बसली. "खरं सांगून राह्यली?" मी म्हटलं, "हाव." तिनं पायांवर पाणी घेतलं आणि म्हणाली, "घोडेवाल्याच्या हातून घोडी मेली म्हटलं तं कोण बोलावंल त्याले वरातीले? तुह्यं काय, लग्न झालं का गाव बदलते. त्याचं नाव गेलं तं घरची चूल जाते." मी तिला विचारलं, "मंग माह्यं नाव?" ती म्हणाली, "पोट्टीचं नाव लहान असते." आईवर मला राग आहे, नाही असं नाही. पण तिनं निदान माझं ऐकून घेतलं, आणि खोटं आहे असं म्हटलं नाही. तुम्ही तर दुसऱ्या दिवसापासून मला तबेल्याच्या उंबऱ्याशी येऊ देईनात. माझा विळा भावाला दिलात. तो घोड्याला इतका भ्यायचा की दोरी लांबून फेकायचा. नवी घोडी आली, तिला त्यानं वेल घालायची आणि मी खिडकीतून पाहायचं. भाऊ ओली वेल घालतो आहे हे दिसायचं, पण बोलायची सोय नव्हती. एकदा बोलले तर तुम्ही म्हणालात, "तू तं बोलूच नोको घोड्याचं."

वस्तीनं मला घोडीमारी म्हणायला सुरुवात केली. शाळेत, विहिरीवर, पोळ्याच्या दिवशी तर हमखास. आई म्हणाली होती गाव बदलते, पण नाव माझ्याआधी गावात पोचलं. पाहायला आले तेव्हा नवऱ्याच्या मावशीनं पहिला प्रश्न टाकला, "घोडी मारली ते हेच का पोट्टी?" तुम्ही शेजारीच बसला होता, पान चघळत. हसलात आणि म्हणालात, "लहान होती तेव्हा. आता शहाणी झाली." सासूनं कितीतरी वर्षं मला गाईपुढे चारा टाकू दिला नाही. शेण काढायला मी चालायची, चारा टाकायला नाही. आणि भावाच्या लग्नात? नवरदेव घोडीवर बसला की त्याच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालायची, हा बहिणीचा मान. मी नवी साडी नेसून, हातात ताट घेऊन उभी राहिले. तुम्ही सगळ्यांदेखत ते ताट माझ्या हातून काढलंत आणि चुलतबहिणीला दिलंत. "हिच्या हातचं नोको," म्हणालात. बाबा, तेव्हा तर तुम्हाला नक्की माहीत होतं! की इतकी वर्षं बोलून बोलून तुमचं तुम्हालाच खरं वाटायला लागलं होतं? हा एकच प्रश्न मला खरंच पडतो, बाकीच्यांची उत्तरं मला ठाऊक आहेत.

आता या आठवड्याचं सांगते. तुमची खदानवेल पोंभुर्ण्यापर्यंत आली आहे. कोणी म्हणतं रस्त्याच्या मुरुमासोबत आली, कोणी म्हणतं नाल्यानं आली. जंगलाच्या कडेला सागावर चढली, मोहावर चढली. माझ्या शेजारी एक गोंडाची बाई राहते, मोह वेचते, ती मला रोज म्हणते, "ने बाई ने, सगळी ने. मोह वेलीत पडते, वेचाले बसलं का हातात पानंच येते." मी नेते. कारण भावानं त्याची तांबडी घोडी माझ्याकडे आणून बांधली आहे. गाभण आहे. बल्लारपुरात आता घोड्याला बांधायला जागा नाही, चारा नाही, आणि त्याच्या मुलाला त्या धंद्यात रस नाही. भाऊ म्हणाला, "तुह्याकडे वेल बहुत आहे. इले शिंगरू होतपर्यंत ठेव. पण चारा सुनेच्या हातानं टाकजो." म्हणजे पाहा, इतक्या वर्षांनी माझ्या अंगणात घोडी आली तीसुद्धा या अटीवर. मी हो म्हटलं. घोडी हवी होती मला. तिच्या मानेवर हात ठेवला आणि मी अंगणात उभी राहून रडले, आता लाज कसली.

सून रोज कापते, मी शिकवलंय तिला, माझ्यापेक्षा साफ कापते. पण त्या दिवशी ती तिच्या माहेरी बारशाला गेली होती आणि मी म्हटलं, आज मी आणते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तरी म्हटलं, वेलीचं मला कोण काय सांगणार? मोहाखालून भारा केला, पसरला. सकाळी सून परत आली तेव्हा मी तणसात मिसळून टाकलासुद्धा होता. झटकला होता, पण झटकून काय, मला दिसलं पाहिजे न! सुनेनं गव्हाणीत पाहिलं आणि किंचाळली, "आई, गुंजा!" घोडीनं थोडंसंच खाल्लं होतं. सुनेनं गव्हाण उपसून बाहेर फेकली. पण तांबडीनं मान वळवली आणि पोटाकडे पाहिलं. बाबा, ते पाहणं मी विसरले नव्हते.

गुरांचा डॉक्टर आला. तिच्या नाकातून नळी घातली, तेल सोडलं, कोळशाची पूड पाण्यात कालवून सोडली, सलाईन लावलं. सून तिला धरून उभी, मी बादल्या वाहत होते. दुपारी भाऊ बल्लारपूरहून गाडी मारत आला. गल्ली जमली होतीच. त्यानं हेल्मेट काढलं, घोडीकडे पाहिलं, मातीतल्या गुंजा पाहिल्या, आणि विचारलं, "कोणं कापला हा भारा?" आवाज तुमचा, उभं राहणं तुमचं. सुनेच्या हातात विळा होता, तिनं सलाईन बांधायच्या दोऱ्या कापायला घेतलेला. सगळे तिच्याकडे पाहायला लागले. दोन जीवांच्या जनावराला विष घातलेली सून, तिचं पुढं काय होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "मी कापला. मले दिसलं नाई." बस. एवढंच बोलायचं असतं, बाबा. त्याला ना पंचायत लागते, ना नवस. तुम्हाला हे त्या दुपारी जमलं नाही, त्यानंतरच्या कुठल्या दुपारी जमलं नाही, माझ्या लग्नात नाही, भावाच्या लग्नात नाही, दवाखान्यात मी चमच्यानं पाणी पाजत होते तेव्हा नाही. घोडीचं पाणी आठवलं तुम्हाला.

आणि माझा भाऊ काय म्हणाला माहीत आहे? माझ्याकडे पाहून म्हणाला, "परत तूच?" परत! गल्लीतल्या दोन बाया एकमेकींकडे पाहून माना हलवायला लागल्या. आता तर माझ्याच तोंडची कबुली होती, जुनंही त्यातच पक्कं झालं. मी म्हटलं, "तेव्हाचा भारा बाबानं आणला होता. मी नाई. मी त्यांले सांगितलं होतं, टाकीच्या अंगानं नका जाऊ." भाऊ सुनेसमोर, डॉक्टरसमोर म्हणाला, "मेलेल्या माणसावर टाकून राह्यली? लाज नाई वाटत?" खरं बोलण्याचं बक्षीस मला हे मिळालं. आई नाही, नाल ठोकणारा म्हातारा नाही, बाजेखाली गुंजा वेचणारा तुमचा हात नाही. मी आता दोन घोड्यांची बाई झाले. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. दयामाया, क्षमा वगैरे मनात काही नाही, तो गैरसमज करून घेऊ नका.

तांबडी तिसऱ्या दिवशी उभी राहिली. काल घमेल्यातली पातळ कालवलेली डाळीची चुनी खाल्ली. डॉक्टर म्हणतो पोटातल्याचं अजून सांगता येत नाही, पण सकाळी सुनेनं माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला, तर आतून हललं. भावानं घोडी परत नेली नाही. चारा मात्र सून टाकते, आणि मी लांब बसून पाहते.

हा कागद घडी करून मी कुठंही ठेवला तरी तुमच्यापर्यंत येत नाही, हे मला कळतं. येत नाही म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते, जी मघाशी लिहिली नाही. भावानं दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं, "कोणं कापला हा भारा?" तेव्हा मी म्हटलं, "मले नाई मालूम." आणि सगळ्यांच्याही आधी सुनेकडे मी पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नुसती बघत राहिली, तेव्हा दुसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या तोंडून खरं निघालं. तिनं तसं बघितलं नसतं तर निघालं असतं की नाही, मला नाई मालूम, बाबा.